परत मागितलेले पट्टे

तुमसरात भंडारा रोडवर, गॅरेजांच्या ओळीत, इश्वर रामटेकेचं सीट-कुशनचं दुकान होतं. जीप, ट्रक, ट्रॅक्टर, कधीमधी एखादी अॅम्बेसडर, ज्याची गादी फाटली तो तिथं यायचा. पाटीवर नाव इश्वरचं असलं तरी काथ्या पिंजणं, रेक्झिन कापणं, जाड सुईनं टाके घालणं, यातलं निम्म्याहून जास्त काम त्याची बायको मालनबाई करायची. बाई सडपातळ, बोलणं तोडून टाकल्यासारखं. तिचा टाका उसवत नाही असं गिऱ्हाइकं एकमेकांना सांगायची. तिच्या कानावर ते आलं की ती मान वर न करता म्हणायची, "गादीचा टाका उसवला तं का होते? बुड टोचते. अजून का होते?"

तिला जे टोचत होतं ते चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यातलं होतं. आंबागडला नात्यातलं लग्न होतं. वऱ्हाडाला भैय्यालालची सवारी जीप ठरवलेली. मालनबाईला पुढं, कडेची जागा मिळाली. मांडीवर चार वर्षांची यशोधरा. त्या जीपला दारं नव्हती, तेव्हा कुठल्याच सवारी जीपला नसायची. गावाच्या अलीकडं बकऱ्यांचा कळप आडवा आला, भैय्यालालनं ब्रेक मारून गाडी एकदम वळवली आणि पोर मांडीवरून गेली. मालनबाईच्या मुठीत फ्रॉकचा फाटलेला तुकडा तेवढा राहिला.

यशोधरा वाचली. कोपर मोडलं होतं, ते जुळलं, पण हात काही पुरता सरळ झाला नाही. ते मालनबाईनं सोसलं असतं. तिला सोसवलं नाही ते लोकांचं बोलणं. सासू गोदावरीबाई लग्नाच्या मांडवातच म्हणाल्या, "मायनं धरलं नाही लेकराले." मांडवभर तेच झालं. भैय्यालालही मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "मी तं जपूनच चालवून राहिलो होतो. बाईचंच ध्यान नव्हतं." मालनबाई तो तुकडा पुढं करायची, "धरलं नव्हतं तं हे माह्या मुठीत कुठून आलं?" लोक तुकडा पाहून परत द्यायचे. पुढच्या वेळी मात्र पुन्हा तेच, "मायनं धरलं नाही."

दोन वर्षांनी दुकानात एक जुनी विलायती गाडी आली. मँगनीजच्या खाणीवरच्या कोण्या साहेबाची. गाद्या नव्या करायच्या होत्या. मालनबाईनं पुढची गादी उचलली तशी दोन्ही बाजूंनी काळे पट्टे निघाले. एका पट्ट्याच्या टोकाला बकल, दुसऱ्याच्या टोकाला पोलादी जीभ. तिनं जीभ बकलात घातली. टक् असा आवाज झाला. ओढून पाहिलं, सुटेना. पाय देऊन ओढलं, तरी सुटेना.

साहेबाचा ड्रायव्हर म्हणाला, "ते कापून फेका वो बाई. मधात मधात येते. साहेब म्हनते, मी का बकरी हाव का बांधून ठेवाले?"

"पन हे हाय कायले?"

"तिकडं लोक बांधून बसते म्हने. गाडी आदळली तरी मानूस जागचा हालत नाही."

मालनबाईनं हातातली कात्री खाली ठेवली. पट्टा तिनं कापला नाही, बोल्ट खोलून अख्खा काढला आणि पेटीत ठेवला. इश्वर म्हणाला, "त्याचं का करतं?" ती म्हणाली, "पाहातो."

त्यानंतर महिनाभरात भैय्यालालची जीप गादीसाठी आली. मालनबाईनं घरून तांदळाचं पंधरा किलोचं बोरं, म्हणजे लहान पोतं, आणून त्याच्या पुढ्यात ठेवलं. "भैय्यालालभाऊ, हे मांडीवर घ्या. शेजारचा मिस्त्री जीप चालवीन अन् मी हात केला का ब्रेक मारीन. आत्ताच सांगून ठेवतो. घट धरा."

भैय्यालाल हसला. दांडगा माणूस, हाताची मनगटं पंपाच्या दांडीएवढी. गॅरेजातली माणसं गंमत पाहायला जमली. जीपची काच बॉनेटवर पाडलेली होती. मिस्त्रीनं रस्त्यानं जीप दामटली, मालनबाईनं हात केला, ब्रेक लागला. बोरं भैय्यालालच्या हातून सुटून बॉनेटवर आदळलं आणि तिथून रस्त्यावर. तांदूळच तांदूळ झाला. लोक पोट धरून हसले. मालनबाई हसली नाही.

"सांगून धरलं होतं तुमी," ती म्हणाली. "तरी गेलं. मले तं कोनी सांगितलंही नव्हतं."

भैय्यालालनं कपड्यांवरचे दाणे झटकले. "बोरं ते बोरं हाय, बाई. लेकराले माय धरते तं अलग धरते."

त्या दिवशी मालनबाईनं तांदूळ रस्त्यावरून वेचला आणि घरी जेवली नाही. डोळ्यांनी पाहूनही माणूस मानत नाही, हे तिला नवीन होतं. तिनं मग बोलणं सोडलं आणि पट्टा करायला घेतला.

पहिला पट्टा खाटेच्या निवारीचा. दुकानामागं कडुनिंबाचं झाड होतं. त्याच्या फांदीला पट्टा बांधायचा, खालच्या टोकाला वाळूचं वीस किलोचं पोतं, पोतं माणसाच्या उंचीएवढं उचलायचं आणि सोडून द्यायचं. निवार पहिल्याच खेपेला फाटली. मग नागपूरच्या कबाड्याकडून लष्करी तंबूंचे नायलॉनचे पट्टे आणले. ते टिकले, पण टाका उसवला. मग टाका बदलला, आडवाउभा आणि वर फुलीचा. टाका टिकला तर जीपच्या पत्र्यातून बोल्ट उपटून आला. मग पत्र्याखालून बशीएवढी लोखंडी पट्टी लावायची ठरलं. प्रत्येक वेळी इश्वर म्हणायचा, "झालं आता," आणि प्रत्येक वेळी दुसरंच काहीतरी तुटायचं.

बकल भंडाऱ्यात झालं. तिथं पितळेची भांडी घडवणारे केशवराव म्हणून म्हातारे कारागीर होते. विलायती बकलाची नक्कल त्यांना जमेना, म्हणून त्यांनी आपल्या मतानं साधं, जाड पितळी बकल केलं. मधात खुंटी, खुंटीवर कडं बसायचं, कड्यावर अडसर. मालनबाईनं झाडाखाली पन्नास खेपा पोतं सोडलं. बकल हललं नाही.

मोठ्यांच्या पट्ट्याबरोबर तिनं लेकरांसाठी खुर्चीही केली. लोखंडी सळईचा सांगाडा, काथ्याची गादी, दोन पट्टे खांद्यांवरून, दोन कमरेवरून, चारही पोटावर येऊन एका बकलात. खुर्ची जीपच्या सीटला आणि खालच्या पट्टीला बोल्टानं कसायची.

वस्तू झाली, पण घेतं कोण? ड्रायव्हरला वाटायचं आपला अपमान आहे. "माह्या चालवन्यावर भरोसा नाही का तुमचा?" असं तो मालकाला विचारायचा आणि मालक बेत सोडायचा. बायांना वाटायचं, निघताना बांधून घेणं म्हणजे वाईटाला बोलावणं. एक वकील तर म्हणाले, "बाई, कोर्टात बेड्या पाहतो, गाडीतही त्याच पाहू का?" सगळे हसले. पाच वर्षांत पंधरा-सोळा गेले असतील. त्यातले किती खरंच लावले जातात हे मालनबाई विचारत नसे. उत्तर तिला माहीत होतं.

ब्याऐंशीच्या जानेवारीत, एका सोमवारी, तिनं नव्या खुर्चीसाठी बकल काढलं. केशवरावांनी पावसाळ्यात पाठवलेल्या दुसऱ्या खेपेतलं ते. पट्टा शिवला, झाडाला बांधला, पोतं सोडलं. तिसऱ्या खेपेला पोतं खाली. तिला वाटलं टाका गेला. पाहते तर टाका जिथल्या तिथं आणि बकलाची खुंटी वाकलेली, कडं निसटलेलं.

तिनं त्याच खेपेतलं दुसरं बकल लावलं. ते टिकलं. तिसरं लावलं. ते पहिल्याच खेपेला उघडलं.

मालनबाई तिथंच मातीत बसली. ही खेप आली तेव्हा तिनं दोनच बकलं तपासली होती. दोन्ही टिकली म्हणून उरलेली बिनघोर लावून दिली होती. त्यातली चार बाहेर गेली होती, एक भैय्यालालच्या जीपमध्ये, एक करडीला, एक आंबागडला, एक दूर दिघोरीला.

"चारच ना?" इश्वर म्हणाला. "अन् लावते कोन त्यायच्यातलं? कायले डोक्स पिकवून राहिली?"

"लावत असन तं?"

"मंग कार्ड टाकून दे चौघायले. परवा-तेरवा पोचते."

मालनबाईला ते पटलं नाही. कार्ड वाचून कोणी वस्तू परत पाठवत नाही. आपण जावं, आपल्या हातानं काढावं आणि तिथंच चांगलं बकल लावून द्यावं, असं तिच्या मनानं घेतलं. नवी बकलं मात्र हवी होती. मंगळवारी सकाळी ती भंडाऱ्याला गेली.

केशवरावांनी वाकलेलं बकल ऐरणीवर ठेवून हातोडा मारला. खुंटीचे दोन तुकडे झाले. आत धिरड्याला पडावीत तशी बारीक भोकं होती.

"ओतीव हाय हे," म्हातारा कष्टी होऊन म्हणाला. "पह्यली खेप मी ठोकून केली होती. दुसऱ्या टायमाले हात दुखून राहिले होते, म्हनून ओतलं. फुगे राहिले आत. मी पान्याचे गुंड-कळशा करनारा मानूस, बाई. गुंडात फुगा राहिला तं पानी गळते. मानूस मरत नाही."

"मले ठोकूनच पाहिजे."

"शुक्रवारी ये. आठ देतो."

एसटी स्टँडवर तुमसरची गाडी लागायची होती. समोरच लाखांदुराकडं जाणारी गाडी उभी होती, दिघोरीवरून जाणारी. कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता. मालनबाईनं तिच्याकडं पाहिलं. हातात चांगलं बकल नाही, रिकाम्या हातानं जाऊन काय करावं? शिवाय भैय्यालाल, करडी, आंबागड, तिन्ही घराजवळ, बकलं आल्यावर तिथं पुन्हा जाता येईल. आधी जवळचं उरकावं. ती तुमसरच्या गाडीत बसली.

बुधवारी भैय्यालालला गाठलं. त्याला तिनं पट्टा फुकटच, अडून बसून लावून दिला होता. पाहते तर सीटवर पट्टा नाही. टपावर पोत्यांना आवळलेला.

"लई कामाचा हाय बाई तुमचा पट्टा," तो खुशीत म्हणाला. "पोतं इकडचं तिकडं होत नाही."

"वापस द्या. बकल खराब निघालं."

"पोत्यासाठी तं चांगला हाय ना? काहून वापस देऊ?"

"उद्या कोनी मानसाले बांधन त्याच्यानं."

"मानसाले कोन बांधते, बाई!"

अर्धा तास झाला. शेवटी मालनबाई टपावर चढली, पिशवीतून कात्री काढली आणि पट्ट्यापासून बकल कापून घेतलं. भैय्यालाल खालून ओरडत होता, माणसं जमत होती. तिनं बकल पिशवीत टाकलं आणि उतरून चालू लागली.

गुरुवारी करडी. राइस मिलवाल्या सुखरामच्या घरची खुर्ची ओसरीवर मांडलेली आणि तिच्यात त्याचं दीड वर्षाचं पोरगं दूधभात खात होतं. पट्टे पाठीमागं गाठ मारून टाकलेले. सुखरामची आई बायजाबाई भरवत होत्या.

"गाडीत नाही का ठेवत?" मालनबाईनं विचारलं.

"नाही वो माय. गाडीत बांधलं तं लेकराचा दम कोंडते. पन जेवाले मस्त हाय. याच्याबिगर घास घेत नाही."

मालनबाईनं बकल खराब असल्याचं सांगितलं. बायजाबाईंनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "खुर्ची नाही देनार. लेकरू जेवनार नाही मंग."

"खुर्ची ठेवा. बकल तेवढं द्या."

तिनं बकल काढलं तेव्हा बायजाबाई म्हणाल्या, "हे बरं केलं. टोचत होतं त्याले."

परत येताना एसटीत मालनबाईला रडू आलं, पण ते दुःखाचं नव्हतं. चांगली होती तेव्हा वस्तू लावत नाहीत, खराब निघाली तर सोडत नाहीत. या माणसांचं करायचं काय?

शुक्रवारी ती भंडाऱ्याहून बकलं घेऊन आली आणि आठही झाडाखाली तपासली, एकेक वीस खेपा. दिवस त्यातच गेला. शनिवारी आंबागड. लाकडाचा ठेका घेणाऱ्या जागेश्वरनं मोठ्यांचा पट्टा घेतला होता. तो तिला गोठ्यात घेऊन गेला. पट्टा बैलाच्या गळ्यात, घुंगरांच्या वर, पितळी बकल चकचकीत घासलेलं.

"पोळ्याले बांधला," जागेश्वर जरा ओशाळून म्हणाला. "बैलाले शोभला. तवापासून तो काढूच देत नाही."

बैल खरंच काढू देत नव्हता. जागेश्वरनं आणि त्याच्या गड्यानं शिंगं धरली, मालनबाईनं मानेखाली हात घातला, बैलानं तिला दावणीवर ढकललं. बकल निघालं तेव्हा तिचं लुगडं शेणानं भरलं होतं आणि खांदा आठ दिवस दुखणार होता. जागेश्वरनं नवं बकल लावून घेतलं नाही. म्हणाला, "जीप तं कवाच इकली मी."

उरलं दिघोरी. रविवारी तिच्यानं उठवलं नाही. सोमवारी पहाटेची गाडी धरून, भंडाऱ्याला बदलून, ती दुपारी दिघोरीला उतरली.

गोपीचंद लांजेवार धानाचे व्यापारी आणि शेतकरी यांच्यामधली दलाली करायचा. गावोगाव जीपनं फिरायचा. तीन वर्षांचा मुन्ना त्याला सोडत नसे, म्हणून बायकोनं, आनंदाबाईनं, अट घातली होती की पोर खुर्चीत बांधलं तरच जाईल. सहा महिन्यांपूर्वी ती स्वतः तुमसरला येऊन खुर्ची घेऊन गेली होती. बांधून कसं घ्यायचं, पट्ट्याखाली किती बोटं जावीत, हे तिनं दोनदा विचारून घेतलं होतं. असं विचारणारी ती एकटीच.

अंगणात जीप उभी होती. पुढचं मडगार्ड चेपलेलं, दिवा फुटलेला.

आनंदाबाई आतून धावत आली आणि तिच्या पायाच पडली. "ताई, तुमच्या पट्ट्यानं वाचवलं माह्या लेकराले!"

मागून गोपीचंद आला. शुक्रवारी संध्याकाळी तलावाच्या बांधावरून येताना म्हैस आडवी आली, जीप पुलाच्या कठड्याला धडकली, असं त्यानं सांगितलं. त्याच्या मागून मुन्ना. कपाळाला पट्टी, वरचा ओठ सुजलेला, पुढचे दोन दात नाहीत.

"खुर्ची नसती तं तलावातच गेला असता," गोपीचंद म्हणाला. "बसा बाई. चहा मांड वो."

मालनबाई बसली नाही. ती जीपकडं गेली. खुर्ची जागच्या जागी होती, बोल्ट पक्के, टाके पक्के. पट्टे मोकळे लोंबत होते. तिनं बकल हातात घेतलं. खुंटी वाकलेली होती, कडं बाहेर. पोरगं आधी पट्ट्यात अडलं, मग बकल उघडलं आणि मग त्याचं तोंड समोरच्या लोखंडी दांडीवर गेलं. तिला ते डोळ्यांसमोर दिसलं.

"हे उघडलं," ती म्हणाली.

"खुल्ला तं खुल्ला," गोपीचंद म्हणाला. "अर्ध्यात खुल्ला. तरी वाचवलं ना? देवमानूस हाव तुमी."

"मी देवमानूस नाही. हे खराब होतं. मले माहीत होतं." तिनं पिशवीतून वाकलेली, तुटलेली बकलं काढून जीपच्या बॉनेटवर ठेवली आणि सगळं सांगितलं. म्हातारा, फुगे, कडुनिंब, पोतं. गोपीचंद मध्येच, "जाऊ द्या ना बाप्पा, होते असं," म्हणत राहिला. त्याला ते ऐकायचंच नव्हतं. त्याचं पोरगं जिवंत होतं, त्याला तेवढं पुरे होतं.

आनंदाबाई मात्र ऐकत होती. तिच्या हातात चहाची कपबशी होती. ती तिनं चाकाजवळ खाली ठेवली.

"तुमाले कवा समजलं हे?"

"गेल्या सोमवारी."

"मंगळवारी का केलं?"

"भंडाऱ्याले गेलो होतो. बकलं सांगाले."

"भंडाऱ्यातून आमची गाडी सुटते."

"हव."

"बुधवारी?"

मालनबाईनं सांगितलं. भैय्यालालचं टप, करडीची खुर्ची, आंबागडचा बैल.

आनंदाबाईचा आवाज चढला नाही. "म्हंजे जे कोनी लावत नाही, त्यायच्या घरी तुमी आधी गेल्या. पोतं, बैल, सगळे झाले. अन् माह्या लेकराले मी रोज बांधतो हे तुमाले माहीत होतं. मी विचारून गेलो होतो तुमाले. दोन खेपा विचारलं होतं. मले आखरीले ठेवलं?"

"जवळचं आधी..."

"कार्ड नाही टाकता आलं? दोन ओळी? 'बाई, बांधू नको. घरी ठेव लेकराले.' मी ठेवलं असतं ना घरी!" आता ती ओरडली. "मी तुमच्या भरोशावर पाठवत होतो त्याले! खुर्ची नसती तं मी पाठवलंच नसतं!"

"आनंदा," गोपीचंद म्हणाला.

"तुमी गप राहा."

आठ वर्षं तिला वाटत होतं की लोक तिचं ऐकत नाहीत. जिनं ऐकलं होतं, तिचाच विचार तिनं शेवटी केला होता. बांधत नाहीत त्यांच्यावर तिचा इतका राग होता की त्यांच्याशी भांडण्यात तिचा आठवडा गेला. ती हात जोडून उभी राहिली.

आनंदाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "नवीन बकल आनलं ना?"

"आनलं."

"माह्यासमोर आपटा."

परसात मोहाचं झाड होतं. गोपीचंदनं दोर आणला, धानाचं पोतं आणलं. मालनबाईनं नवं बकल शिवलं, पट्टा फांदीला बांधला. दहा खेपा पोतं पडलं. आनंदाबाई म्हणाली, "अजून." तिनं प्रत्येक खेपेला बकल स्वतः हातात घेऊन खुंटीवरून नख फिरवलं. तीस झाल्यावर तिनं पोत्यात आणखी पाच पायल्या धान टाकलं आणि पुन्हा सांगितलं, "सोडा." गोपीचंद कंटाळून ओसरीवर जाऊन बसला. दोघी बाया पोतं उचलत आणि सोडत राहिल्या. मालनबाईचा खांदा ठणकत होता, तिनं सांगितलं नाही.

शेवटची गाडी यायच्या आधी आनंदाबाईनं तिला भाकर वाढली, पण जवळ बसली नाही. निघताना म्हणाली, "खुर्ची ठेवतो मी. पन महिनाभर तरी पाठवत नाही त्याले." मालनबाई म्हणाली, "बरोबर हाय."

तुमसरला आल्यावर तिनं पहिलं काम केलं ते पोस्टात जाऊन कार्डं आणायचं. ज्यांच्याकडं पट्टा किंवा खुर्ची होती त्या सगळ्यांचे पत्ते यशोधरानं आपल्या वाकड्या हातानं सुंदर अक्षरात लिहून दिले. पत्ता लिहिलेली, मजकूर कोरा ठेवलेली कार्डं दुकानात खिळ्याला टांगलेली असत; काही खराब निघालं की दोन ओळी लिहून त्याच दिवशी टाकायची. नवं गिऱ्हाईक आलं की एक कार्ड वाढायचं. ज्याला पत्ता द्यायचा नसेल त्याला वस्तू मिळत नसे. आणि बकल, प्रत्येक, गिऱ्हाइकासमोर आपटलं जायचं. यामुळं धंदा वाढला नाही, घटला. "घंटाभर पोतं पाहात कोन बसन?" असं म्हणत लोक उठून जायचे. इश्वर कुरकुरायचा, तरी पोतं उचलायला तोच यायचा.

पुढं दोन-तीन वर्षांनी, सवारी जीपमध्ये लेकरं अशी कडेला बसवू नयेत, निदान पुढच्या सीटला पट्टा असावा, असा अर्ज घेऊन ती एका कचेरीत गेली. तिथल्या साहेबानं अर्ज वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "बाई, हे तुमच्या दुकानाचं विकायसाठी आहे ना?" ती म्हणाली, "तुमी दुसऱ्याकडून घ्या. पन पाहून घ्या." साहेबानं अर्ज ठेवून घेतला. उत्तर आलं नाही.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात केशवराव वारले. त्यांच्या मुलांना भांड्यांपलीकडं काही करायचं नव्हतं. मालनबाईनं नागपूरपर्यंत शोधलं. ठोकून बकल करून देणारा कोणी मिळेना. जे मिळालं ते झाडाखाली टिकलं नाही. उरलेली सहा बकलं गेल्यावर तिनं खुर्च्या करणं थांबवलं. कोणी विचारायला आलंच तर सांगायची, "नाही माह्याजवळ. खोटं लावून देत नाही."

आणि नेमकं तेव्हाच, अठ्ठ्याऐंशी साली, चार दुकानं सोडून गाड्या सजवायच्या एका नव्या दुकानात लाल-निळे पट्टे टांगलेले दिसायला लागले. चकचकीत प्लास्टिकचं बकल, त्यावर सोनेरी चित्ता. जीपवाले हौसेनं घेत होते, आरशाला लोंबकळणाऱ्या गोंड्यांबरोबर. भैय्यालालच्या पोरानंही लावला.

मालनबाईनं एक विकत आणला, झाडाला बांधला. पोतं पूर्ण सोडायच्या आधीच बकल फुटून तुकडे उडाले. ते तुकडे रुमालात बांधून ती त्या दुकानात गेली आणि गल्ल्यासमोर पसरले.

दुकानदार तरुण होता, अदबीचा. त्यानं तुकडे पाहिले आणि खरोखर न समजून विचारलं, "पन मावशी, हे शोभेचं हाय. हे बांधते कोन?"

"एखादी बांधते," मालनबाई म्हणाली.

"आतापर्यंत तं कोनी विचारलं नाही."

"ती विचारत येईन. दोन खेपा विचारीन. तिले का सांगशीन?"

बाहेर एक जीपवाला हॉर्न वाजवत होता, त्याला निळा पट्टा हवा होता. दुकानदार तो काढायला स्टुलावर चढला. मालनबाईनं तुकडे पुन्हा रुमालात घेतले नाहीत, तसेच गल्ल्यावर राहू दिले आणि ती आपल्या दुकानाकडं निघाली. तिथं एका ट्रॅक्टरची गादी सकाळपासून अर्धी शिवून पडली होती.